पेशी गेल्या, निरोप राहिला

1955 ते 1963 या काळात महासत्तांनी उघड्या आकाशाखाली इतक्या अणुचाचण्या केल्या, की हवेतल्या कार्बन-14चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. तो कार्बन पिकांत गेला, पिकांतून ताटात आला आणि त्या वर्षांत वाढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शरीरात मुरला. 1963च्या करारानंतर बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि हवेतलं हे प्रमाण वर्षागणिक उतरू लागलं. या चढउतारामुळे शास्त्रज्ञांच्या हाती एक विलक्षण साधन आलं. शरीराचा एखादा भाग कोणत्या काळात घडला, हे त्यातला कार्बन मोजून सांगता येऊ लागलं. डेन्मार्कमधल्या कात्या हाइनेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ही मोजणी टाचेच्या मागच्या कंडरेवर, म्हणजे अकिलीस टेंडनवर केली. त्यांना आढळलं, की या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ तसाच राहतो. स्नायूंचं नूतनीकरण सतत चालू असतं, कंडरेच्या गाभ्याचं नाही.

कंडरेच्या दुखापतीवर बोलताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. साठीतला माणूस ज्या कंडरेवर सकाळी फिरायला निघतो, ती त्याने कॉलेजात असताना कमावलेली असते.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा, चिवट पट्टा. पाणी वगळलं तर तिच्यात सर्वांत जास्त असतं कोलॅजन, आणि तेही प्रामुख्याने पहिल्या प्रकारचं. त्याचे सूक्ष्म तंतू ताणाच्या दिशेने शेजारी शेजारी लागलेले असतात. बारीक तंतूंच्या जुड्या, त्या जुड्यांच्या मोठ्या जुड्या आणि त्यांच्यावर पातळ आवरण, अशी तिची बांधणी. या शिस्तीमुळेच धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ ती सोसते. पण या ताकदीची किंमतही ती मोजते. तंतूंच्या दाटीत पेशी अगदी थोड्या असतात आणि रक्तवाहिन्याही विरळ. अकिलीस कंडरेत टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा विशेष कमी असतो आणि ती बहुतेक वेळा तुटते ती याच पट्ट्यात.

तुटल्यावर शरीर दुरुस्ती करतं, यात शंका नाही. पहिले काही दिवस दाहाचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, मोडतोड झालेले तंतू साफ करतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. मग काही आठवडे नवं कोलॅजन भराभर विणलं जातं, पण ते असतं तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि अस्ताव्यस्त. त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, या घाईच्या विणीची हळूहळू फेररचना होते. इतकं होऊनही मूळची बांधणी परत येत नाही. तिथे एक व्रण उरतो. तो जाड असतो, कडक असतो आणि जुन्या कंडरेपेक्षा कमकुवत असतो. गर्भावस्थेतल्या मेंढीची कंडरा व्रणाविना भरून येते, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे शरीराजवळ ही कला एके काळी असते, मोठेपणी ती हरवते. इथेच मला या विषयाची खरी ओढ वाटते. दुरुस्तीचा माल तर शरीराजवळ असतोच. मग बिघडतं ते दुरुस्तीचं नियोजन का?

एकदम तुटणं हा झाला एक प्रकार. त्याहून कितीतरी जास्त माणसं दुसऱ्या प्रकाराने त्रस्त असतात: रोजच्या ताणाने कंडरा आतल्या आत झिजत जाते. 2004 साली सचिन तेंडुलकरला टेनिस एल्बोने संघाबाहेर बसवलं, पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि हा आजार आपल्याकडे घराघरात ठाऊक झाला. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे चिकटते, तिथली ही झीज. रॅकेट कधी हातात न धरलेल्या सुताराला, रंगाऱ्याला, दिवसभर कणीक मळणाऱ्या बाईलाही ती होते. मधुमेहात जास्तीची साखर कोलॅजनला चिकटून त्याची लवचीकता घालवते. सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकंही काही जणांच्या कंडरा दुबळ्या करतात. त्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली या औषधांच्या वेष्टनावर सर्वांत गंभीर दर्जाचा इशारा छापायला लावला. पोट बिघडलं की आपल्याकडे या गोळ्या किती सहज घेतल्या जातात, ते पाहता ही माहिती दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

कंडरेची ही बिघडलेली दुरुस्ती सुधारायला मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, वापरून पाहिल्या गेल्या. त्यांची कथा मात्र माणसापासून सुरू होत नाही. ती घोड्यापासून होते. भरधाव घोड्याच्या पुढच्या पायाच्या मागच्या बाजूची कंडरा, जिच्यामुळे खूर वळतो, ती प्रत्येक टापेला जवळजवळ तुटण्याच्या मर्यादेपर्यंत ताणली जाते. म्हणून शर्यतीच्या घोड्यांत तिची दुखापत सर्रास होते. इंग्लंडमध्ये असो, महालक्ष्मीला असो वा पुण्यात, अनेक घोड्यांची कारकीर्द तिथेच संपते. या दुखापतीचं एक वैशिष्ट्य संशोधकांच्या पथ्यावर पडलं. कंडरेच्या मध्यभागी पोकळी तयार होते आणि बाहेरचा भाग शाबूत राहतो. सोनोग्राफीत ती काळी पोकळी स्पष्ट दिसते आणि सुईने नेमकी गाठता येते.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधले रॉजर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली या पोकळीत घोड्याच्या स्वतःच्या मूळपेशी टोचल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. छातीच्या हाडातली मज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि सुमारे एक कोटी पेशी जखमेत सोडायच्या, अशी पद्धत. 2012 साली या उपचाराचा मोठा आढावा निघाला. उपचार घेतलेल्या शर्यतीच्या घोड्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना पुन्हा तीच दुखापत झाली. इतर उपचारांनंतरच्या जुन्या नोंदींत हे प्रमाण याच्या दुपटीच्या आसपास होतं. जुन्या नोंदींशी तुलना हा लंगडा पुरावा, हे खरं. पण 2013 साली बारा घोड्यांवर नियंत्रित प्रयोग झाला. काहींना पेशी दिल्या, काहींना नुसतं सलाइन. सहा महिन्यांनी पेशी दिलेल्या कंडरांची बांधणी जास्त सुव्यवस्थित निघाली आणि त्यांचा ताठरपणा कमी होता.

तोवर सगळ्यांची समजूत सरळ होती. मूळपेशी जखमेत जातात, कंडरेच्या पेशी बनतात आणि नवं कोलॅजन विणतात. ती समजूत मोडली पेशींचा माग काढल्यावर. किरणोत्सारी खूण लावलेल्या पेशी घोड्याच्या कंडरेत सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर जेमतेम पाव पेशी तिथे उरल्या होत्या. आठवडे लोटल्यावर तर नावापुरत्याच सापडल्या. कंडरा भरून यायला लागतात महिने आणि कारागीर पसार होतात एका दिवसात! तरीही गुण येतो. मग तो कशाने?

असंच कोडं हृदयाच्या बाबतीत आधी पडलं होतं. 2005 साली मासिमो न्येकी, व्हिक्टर झाऊ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयविकारावर एक साधा, धारदार प्रयोग केला. मूळपेशी टोचण्याऐवजी, त्या ज्या द्रवात वाढवल्या होत्या तो द्रवच टोचला. हृदयाचं नुकसान तरीही घटलं आणि तेही तीन दिवसांच्या आत. इतक्या थोड्या वेळात नवा स्नायू तयार होणं अशक्यच. परिणाम त्या द्रवात मिसळलेल्या स्रावाचा होता.

मज्जेतल्या या पेशींचं वर्णन सोव्हिएत संघातल्या अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांनी साठ-सत्तरच्या दशकांत केलं होतं. त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव 1991 साली रुजवलं क्लीव्हलँडच्या अर्नोल्ड कॅपलान यांनी. हेच कॅपलान 2017 साली म्हणाले, की आता हे नाव बदला. शरीरात गेल्यावर या पेशी नवी ऊती बनवत नाहीत. त्या आसपासच्या पेशींना रसायनांतून संदेश देतात आणि बांधकाम त्या स्थानिक पेशी करतात. आपण दिलेलं नाव स्वतः उठून चुकीचं ठरवणं विज्ञानात फार थोड्यांना जमतं. आपल्या भाषेत सांगायचं, तर ज्याला गवंडी म्हणून बोलावलं तो मुकादम निघाला. वीट तो लावत नाही, कोणी कुठली वीट केव्हा लावायची ते सांगतो आणि निघून जातो.

या स्रावात असतं तरी काय? एक भाग विरघळलेल्या प्रथिनांचा. नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावणारे, पेशींची वाढ चेतवणारे, व्रणाची जाडी आवरणारे घटक त्यात असतात. दाह शमवणारी काही द्रव्यं असतात. इंटरल्यूकिन-1 या दाहकारक संदेशाची वाट अडवणारं प्रथिनही असतं. दुसरा भाग आहे अतिसूक्ष्म पिशव्यांचा, म्हणजे एक्झोझोमचा. तीस ते दीडशे नॅनोमीटर आकाराच्या या पिशव्या, चरबीच्या दुहेरी पडद्यात बांधलेल्या. 1983 साली कॅनडातल्या रोझ जॉनस्टोन आणि अमेरिकेतल्या फिलिप स्टाल यांच्या गटांना लाल रक्तपेशी परिपक्व होताना त्या बाहेर पडताना दिसल्या. पेशी नको असलेलं सामान त्यांतून टाकून देते, एवढंच तेव्हा वाटलं. स्वीडनच्या यान लोटवाल यांच्या गटाने 2007 साली दाखवलं, की या पिशव्यांत आरएनए असतं आणि दुसऱ्या पेशीत गेल्यावर ते कामाला लागतं. तेव्हा या पिशव्यांकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. 2010 साली सिंगापूरमधल्या साय कियांग लिम यांच्या गटाने मूळपेशींच्या एक्झोझोमनी उंदरांच्या हृदयाला वाचवता येतं हे दाखवलं आणि औषध म्हणून त्यांचा पाठपुरावा सुरू झाला.

कंडरेवर हा स्राव कसा चालतो, याचं आजवरचं सर्वांत पटणारं उत्तर सुरुवातीच्या दाहाभोवती फिरतं. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांनी 2020 साली उंदरांची अकिलीस कंडरा शिवली. टाक्याजवळ कोलॅजनचा पातळ पडदा ठेवला आणि त्या पडद्यावर चरबीतल्या मूळपेशींच्या पिशव्या भारल्या. या पेशींना आधी इंटरफेरॉन-गॅमाचा स्पर्श दिला होता, म्हणजे आसपास दाह माजला आहे अशी त्यांची समजूत करून दिली होती. अशा चेतवलेल्या पेशींच्या पिशव्यांनी जखमेतला दाहाचा मुख्य संदेशमार्ग ठळकपणे शांत केला. न चेतवलेल्या पेशींच्या पिशव्यांना तेवढं साधलं नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ‘मूळपेशींचा स्राव’ म्हणजे ठरलेल्या पाककृतीचं एकच औषध नाही, हे त्याने लख्ख दाखवलं. पेशीला जी परिस्थिती जाणवते त्याप्रमाणे तिचा स्राव बदलतो. कमी प्राणवायूत वाढवलेली पेशी वेगळं काही सोडते, भरपूर प्राणवायूत वाढवलेली वेगळं. दात्याचं वय आणि पेशी मज्जेतल्या की चरबीतल्या, यानेही फरक पडतो.

दाह शमवायचा म्हणजे पूर्ण विझवायचा मात्र नाही. साफसफाई त्याच्यावाचून होत नाही. मॅक्रोफेज नावाच्या पेशी दुखापतीनंतर आधी मोडतोडीच्या भूमिकेत असतात आणि पुढे बांधणीच्या भूमिकेत जातात. भूमिका बदलायला उशीर झाला, की व्रण माजतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने 2019 साली मॅक्रोफेजना मूळपेशींच्या पिशव्यांच्या सहवासात ठेवलं आणि मग उंदरांच्या जखमी कंडरेत सोडलं. भरून येणारी कंडरा ताणाला जास्त टिकली. पोर्तुगालमधल्या ब्रागा इथल्या संशोधकांनी उंदरांच्या खांद्यातल्या जुनाट, मोठ्या फाटीवर स्राव वापरला. अशा फाटीनंतर स्नायू हळूहळू चरबीने भरतो आणि शस्त्रक्रियेने कंडरा शिवली तरी हात नीट उचलला जात नाही. स्रावाने ही अधोगती कमी झाली. इटलीतल्या एका गटाने 2013 सालीच घोडीच्या वारेतल्या पडद्यापासून मिळवलेल्या पेशींचा स्राव, एकही पेशी न घालता, दुखापत झालेल्या तेरा घोड्यांना दिला. निकाल आशादायक होते, पण तुलनेसाठी उपचार न दिलेला गट त्यात नव्हता, हेही सांगायला हवं.

पेशींऐवजी स्राव देण्यात व्यवहाराची सोय मोठी आहे. जिवंत पेशी रुग्णाच्या शरीरात नको तिथे वाढण्याची किंवा रक्तवाहिनीत अडकण्याची भीती राहत नाही. स्राव गाळता येतो, गोठवता येतो, वाळवून पूड करून ठेवता येतो. प्रत्येक रुग्णाची मज्जा काढून आठवडे वाट पाहावी लागत नाही. आज खांदा फाटला, तर आजच हाताशी असेल असं ते औषध होऊ शकतं. दाह पहिल्या काही दिवसांतच आवरायचा असल्याने ही गोष्ट फार महत्त्वाची.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. पेशी वाढवायला बहुधा वासराच्या रक्तातला द्रव वापरतात आणि त्यात वासराच्या स्वतःच्या एक्झोझोमची रेलचेल असते. म्हणून शेवटचे एक-दोन दिवस पेशींना त्या द्रवावाचून ठेवून मगच स्राव गोळा करावा लागतो. आणि मात्रा मोजायची कशात? पिशव्यांच्या संख्येत, प्रथिनांच्या वजनात की परिणामात? दोन प्रयोगशाळांच्या बाटल्यांवर नाव एक आणि आत ऐवज वेगळा, असं सहज घडतं. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2014, 2018 आणि पुन्हा 2023 साली निकषांची पुस्तिका काढली, ती याच गोंधळामुळे.

बाजार मात्र थांबलेला नाही. 2019 सालच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला: नेब्रास्का राज्यात एक्झोझोमच्या नावाने विकलेल्या, मान्यता नसलेल्या इंजेक्शनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाले होते. विक्रेते म्हणत, यात पेशीच नाहीत, मग पेशींचे नियम आम्हाला कशाला? प्रशासनाचं उत्तर स्पष्ट होतं. आजार बरा करायला जे देता ते औषध, आणि औषधाला परवानगी लागते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की मान्यता मिळालेले मोजके वापर सोडले तर मूळपेशींचा उपचार मंजूर वैद्यकीय चाचणीबाहेर देता येत नाही आणि चाचणीत सामील झालेल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. बंगळुरूच्या एका कंपनीच्या मज्जेतल्या पेशींना गुडघ्याच्या संधिवातासाठी 2022 साली परवानगी मिळाली. पण ती मिळाली पेशींना, आणि गुडघ्यासाठी. कंडरेसाठी स्रावाचं इंजेक्शन कोणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर ती चाचणी भारतीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर कुठे नोंदली आहे, हे रुग्णाने बेलाशक विचारावं. ती नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे.

घाई का नको, याची उदाहरणं कंडरेच्या उपचारांतच आहेत. स्टेरॉइडचं इंजेक्शन टेनिस एल्बोला काही आठवडे छान आराम देतं. पण वर्षभराने पाहिलं तर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असते, हे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांनी दाखवलं. रुग्णाच्याच रक्तातल्या बिंबिका दाट करून टोचायचा उपचार, म्हणजे पीआरपी, जगभर लोकप्रिय झाला. 2021 साली ब्रिटनमध्ये अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्याच्या 240 रुग्णांवर त्याची खोट्या इंजेक्शनशी तुलना झाली आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

उलट सर्वांत भक्कम पुरावा आहे एका बिनखर्चाच्या उपायाचा. स्वीडनमधल्या उमिओ इथले अस्थितज्ज्ञ होकन आल्फ्रेडसन यांनी 1998 साली पंधरा रुग्णांना पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं करून टाच सावकाश खाली सोडायला लावली. दिवसातून दोनदा, बारा आठवडे, दुखलं तरी. सगळे पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत हे यश इतकं सर्वव्यापी राहिलं नाही, पण मोजून मापून दिलेला भार हाच आजही पहिला उपचार आहे. कारण कोलॅजनच्या तंतूंना दिशा मिळते ती ओढीतून. कंडरेतल्या पेशी ताण ओळखतात आणि त्याप्रमाणे तंतू लावतात. स्राव पेशींना शांत करेल, जागं करेल, पण ओढ कुठल्या बाजूने येणार आहे हे तो सांगू शकत नाही. म्हणून या दोन गोष्टींची एकमेकींशी स्पर्धा लावण्यात मला अर्थ दिसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत स्राव आणि मग पायरीपायरीने वाढवलेला भार, असा जोडउपचार तपासायला हवा.

तो तपासायला सर्वांत योग्य जागा खांद्याची वाटते. खांद्यातल्या मोठ्या फाटी शस्त्रक्रियेने शिवल्या तरी पुन्हा फाटण्याचं प्रमाण फार मोठं आहे. फ्रान्समधले फिलिप एर्निगू यांनी 2014 साली दहा वर्षांचा हिशेब मांडला. शिवताना दाट केलेली मज्जा टोचलेल्या 45 रुग्णांपैकी 87 टक्क्यांची कंडरा शाबूत होती, नुसती शिवलेल्या 45 जणांत हे प्रमाण 44 टक्के होतं. त्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि मज्जेत पेशी आणि स्राव दोन्ही होते, त्यामुळे श्रेय कोणाचं ते कळत नाही. आता हाच प्रयोग पेशींवाचून, नुसत्या स्रावाने, विभागणी चिठ्ठ्यांनी करून आणि दोन्ही गटांना एकच व्यायाम देऊन व्हायला हवा. वेदना किती कमी झाल्या याचं उत्तर रुग्णाच्या आशेने बदलू शकतं. शिवलेली कंडरा वर्षभराने जागेवर आहे की पुन्हा फाटली, हे मात्र सोनोग्राफीत दिसतं, आणि पाहणाऱ्या डॉक्टरला रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक असण्याचीही गरज नसते.